मुंबईत वारलेली आत्या

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमात मी प्रश्न विचारला आणि अख्खं सभागृह हसलं. विषय होता लेखनाची प्रेरणा. लेखक नावाजलेले, बोलत होतेही छान. पहाटेची शांतता, नदीकाठचं घर, पात्रं आपणहून कशी भेटायला येतात वगैरे. माइक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा मी विचारलं, "सर, तुम्ही लिहायला बसता तेव्हा घरातलं कोण बघतं? आणि नदीकाठचं ते घर कशाच्या पैशांतून झालं?"

मला टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं राहतो. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला की त्यावर वही ठेवून मी उभ्यानं लिहिते. सर हसले आणि म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, पण आजचा विषय प्रेरणेचा आहे." माइक पुढे गेला.

त्यानंतर सभागृहात जाणं मी सोडलं, व्याख्यानं ऐकणं मात्र सुटलं नाही. सकाळच्या लोकलमध्ये कानात हेडफोन आणि जगभरचे लेखक, चित्रकार, दिग्दर्शक. आवडलेली वाक्यं वहीत उतरवायचे. वही भरत आली, कथा एकही झाली नाही. अशातच कळलं, की ज्या प्रश्नाला विषयाबाहेर काढलं गेलं, तोच प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या व्याख्यानाचा विषय केला होता. ती बाई म्हणजे व्हर्जिनिया वुल्फ.

ऑक्टोबर 1928. वुल्फ तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती, 'ऑर्लँडो' नुकतीच बाजारात आली होती. केंब्रिजमधल्या मुलींच्या दोन कॉलेजांनी तिला 'स्त्रिया आणि कथा-कादंबरी' या विषयावर बोलायला बोलावलं. 20 तारखेला न्यूनहॅम, 26 तारखेला गर्टन. या दोन संध्याकाळींतून पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक निघालं. बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातलं म्हणणं आता टी-शर्टवरही दिसतं.

मला वाटायचं, त्या संध्याकाळी काहीतरी विलक्षण घडलं असणार, ऐकणाऱ्या मुली भारावून बाहेर पडल्या असणार. पण न्यूनहॅमच्या कार्यक्रमाच्या आयोजक मुलींपैकी एल्सी फेअर हिने अनेक वर्षांनी सांगितलेली आठवण वेगळीच आहे. बाई जवळजवळ तासभर उशिरा आल्या. बरोबर न कळवता नवऱ्याला घेऊन आल्या, त्यामुळे कोणी कुठे बसायचं ही आखणी कोलमडली. आणि कॉलेजचं जेवण, जे एरवीही फार चवदार नसायचं, ते वाट पाहण्यात आणखी बिघडलं. पाहुणे उशिरा, पानं मांडलेली, भाजी गार. आपल्याकडच्या कुठल्याही व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल.

गंमत पुढे आहे. पुस्तकात वुल्फने दोन जेवणं समोरासमोर ठेवली आहेत. पुरुषांच्या कॉलेजातलं दुपारचं जेवण: मासा, तित्तिर, वाइन. मुलींच्या कॉलेजातलं रात्रीचं: पातळ सूप, बीफ, बटाटे, सुकवलेली आलुबुखार, प्यायला पाणी. ती दाखवते, की असं जेवून झाल्यावर गप्पासुद्धा रंगत नाहीत, मग प्रतिभेची काय कथा! मुलींचं कॉलेज गरीब का, तर त्यांच्या आया-आज्यांच्या हातात कधी पैसाच नव्हता. हे सगळं पटतं. पण ते जेवण बिघडायला थोड्या वुल्फबाई स्वतःही कारण होत्या, हे एल्सीमुळे कळतं, आणि मला ते फार आवडतं.

ते भाषण आज आपल्याकडे नाही. ध्वनिमुद्रण नाही, वाचलेली संहिता जशीच्या तशी नाही. न्यूनहॅमच्या मुलींच्या मासिकात एल्सीनेच लिहिलेला वृत्तांत आहे, एवढंच. मार्च 1929 मध्ये वुल्फचा याच विषयावरचा एक लेख अमेरिकेतल्या 'द फोरम' मासिकात आला. तो शहाणासुरता लेख आहे. त्यात ही जेवणं नाहीत, आणि जिच्याबद्दल पुढे सांगणार आहे ती आत्याही नाही. मग ही सगळी जिवंत सामग्री आली कुठून?

मला वाटतं, समोर बसलेल्या मुलींकडून. गर्टनहून परतल्यावर वुल्फने डायरीत त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. मुली उपाशी दिसतात पण धीट आहेत, हुशार आहेत, गरीब आहेत, आणि झुंडीने शाळामास्तरणी होण्याचं त्यांच्या नशिबात आहे. मी आपली निवांतपणे त्यांना सांगून आले, वाइन प्या, स्वतःची खोली मिळवा. असं ती स्वतःलाच चिमटा काढून लिहिते. सगळा थाटमाट मुलांच्याच वाट्याला का, या मुलींच्या वाट्याला का नाही, हेही विचारते आणि तिथे एल्सीचं आडनाव घेते. मग जानेवारीत बर्लिनहून परतताना ती आजारी पडली, कित्येक आठवडे अंथरुणावर होती, आणि पुस्तक तिथे, पडल्या पडल्या मनात रचलं गेलं. प्रेरणा द्यायला गेलेली बाई प्रेरणा घेऊन आली होती.

मुलींना काय मिळालं? ते सरळ सांगता येत नाही. पुढे कवयित्री झालेली कॅथलीन रेन तेव्हा गर्टनला विज्ञान शिकत होती. लिहिणाऱ्या बायकांच्या काही वेगळ्या अडचणी असतात, हेच तिला त्या दिवशी नव्याने कळलं. म्युरिएल ब्रॅडब्रुक, जी पुढे त्याच कॉलेजची प्रमुख झाली, तिने नंतर लिहिलं की वुल्फबाईंना ऐकायला मजा आली, पण त्यांचं केंब्रिज आमचं नव्हतं. मला हा शेरा महत्त्वाचा वाटतो. वुल्फला कुंपणाबाहेरून आत पाहायची सवय. या मुली आत होत्या, स्कॉलरशिपवर का होईना, आणि त्यांच्याकडे प्रत्येकी एक खोली होतीच. पदवी मात्र नव्हती. म्हणजे 1921 पासून नावापुरती मिळायची. पुरुषांच्या बरोबरीची पदवी केंब्रिजने बायकांना दिली ती 1948 साली. आपल्या मुंबई विद्यापीठाने हे 1880च्या दशकातच केलं होतं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती.

वुल्फ केंब्रिजला बोलत होती त्या काळात लंडनमध्ये एक मराठी मुलगी इंग्रजी साहित्य शिकत होती. कुसुमावती देशपांडे. त्या 1929 साली बी.ए. होऊन परतल्या, नागपूरला शिकवू लागल्या, कथा आणि समीक्षा लिहू लागल्या. 1961 साली ग्वाल्हेरला त्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाची सुरुवात 1878 ची. त्या व्यासपीठावरून अध्यक्ष म्हणून एका बाईने बोलायला त्र्याऐंशी वर्षं लागली.

आता आत्या. पुस्तकातली निवेदिका सांगते, की तिला पाचशे पौंड मिळाले ते आत्याच्या मृत्युपत्रातून. आत्याचं नाव मेरी बीटन. ती कुठे वारली? मुंबईत. हवा खायला घोड्यावरून निघाली होती, घोड्यावरून पडली. बायकांना मताचा अधिकार मिळाला आणि हा पैसा आला, तो साधारण एकाच सुमाराला. निवेदिका म्हणते, दोहोंत पैसाच जास्त महत्त्वाचा वाटला. त्याआधी ती पाकिटांवर पत्ते लिही, म्हाताऱ्यांना वाचून दाखवी, कागदी फुलं करी.

हे मी कल्याणच्या अलीकडे, लोकल सिग्नलला थांबलेली असताना वाचलं आणि पुन्हा मागे जाऊन वाचलं. मुंबईत?

खऱ्या वुल्फलाही एका आत्याने पैसे ठेवले होते. कॅरोलिन एमिलिया स्टीफन, वडिलांची बहीण. 1909 साली तिने ठेवलेले अडीच हजार पौंड वुल्फला मिळाले. पण ती राहायची केंब्रिजमध्ये आणि वारलीही तिथेच. म्हणजे वुल्फने केंब्रिजच्या आत्याला उचलून मुंबईत आणलं, घोड्यावर बसवलं आणि पाडलं. का, ते ती सांगत नाही. तिची आई कलकत्त्यात जन्मलेली, तेव्हा हिंदुस्थान घरच्या बोलण्यात असणारच. दूर देशातला मृत्यू गोष्टीला सोयीचाही असतो. तरी मला वाटतं तिला नीट ठाऊक होतं, की इंग्लंडमधली खोली कुठल्या पैशांवर उभी राहते. मुलींच्या कॉलेजकडे पैसा का नाही, हे ती पानंच्या पानं शोधते. आत्याकडे तो कुठून आला, यावर मात्र ओळभरही थांबत नाही. मला सभागृहात विचारायचा होता तो प्रश्न वुल्फने विचारला, अर्ध्यावर सोडूनही दिला.

तो पुढे न्यायला त्याच ऑक्टोबरमधली मुंबई पुरेशी आहे. गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप त्याच महिन्याच्या सुरुवातीला मिटला होता. दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून बाहेर होते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, पाळीपाळीने झोपणारे पुरुष. स्वतःची खोली हा शब्दप्रयोग तिथे कोणाला समजावून सांगणार?

याच कामगारवस्तीत थोड्याच वर्षांनी वाटेगावाहून चालत आलेलं एक कुटुंब उतरलं. त्यातला मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला. तो गिरणीत राबला, शाहीर झाला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून लिहू लागला. 2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं तेव्हा उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे उभे होते. पृथ्वी शेषनागाने तोलली आहे ही जुनी समजूत त्यांनी त्या भाषणात उलटी केली आणि तिचा भार श्रम करणाऱ्या दलितांच्या तळहातावर आहे असं सांगितलं. पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली. खोली आधी आणि लेखन नंतर, हा वुल्फचा क्रम या माणसाने मोडून दाखवला. म्हणून तिचं म्हणणं खोटं ठरत नाही. अण्णाभाऊ पन्नाशी न गाठताच गरिबीत गेले, हीसुद्धा त्या हिशेबातलीच बाब आहे.

वाक्यं उतरवायची ती वही मी गेल्या महिन्यात उलटी करून मागच्या पानापासून सुरू केली. आता त्या आत्याच्या घोड्याचा मोतद्दार लिहिते आहे. वुल्फच्या पुस्तकात तो नाही, पण घोडा होता म्हणजे मोतद्दार होताच. बाई पडली त्या दिवशी त्याला काय विचारलं गेलं असेल, पगार कापला असेल का, तबेल्यामागच्या त्याच्या जागेत आणखी कितीजण झोपत असतील, यावर सध्या अडले आहे. सात पानं झाली आहेत. सातव्या पानावर तो खोगीर उतरवतो आहे आणि त्याला अजून कळलेलं नाही, की बाई वारली.