ताप एकशेदोन, पारा पंचेचाळीस

चौथीच्या वर्गात उन्हाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे मूल बहुधा नुकतेच आजारातून उठलेले असते. “गुरुजी, मला ताप आला तेव्हा एकशेदोन होता, आणि काल नागपूरचा पारा पंचेचाळीस. म्हणजे नागपूर माझ्यापेक्षा गार होतं का?” या प्रश्नाला ‘ती एकके निराळी, बाळ’ एवढे उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मला तो कधीच मान्य झाला नाही. कारण हे एकच पोर एकाच दिवशी दोन मोजमापांच्या अमलाखाली का नांदते, याचे उत्तर अडीच-तीनशे वर्षांच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास नऊ वर्षांच्या मुलाला समजेल इतका सरळ आहे.

एकके नव्हती तेव्हा उष्णतेची भाषा नव्हती असे मात्र नाही. दूध कोमट, पाणी कढत, भात ऊन ऊन, तवा चटका देणारा, अंगात कणकण, मग बारीक ताप, मग फणफण: हा आपल्या आज्यांचा तापमापकच होता, आणि त्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ होत्या. उणीव एवढीच होती, की ही मोजणी त्वचेच्या भरवशावर चालत असे आणि त्वचा ही साक्षीदार म्हणून फार कच्ची. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने दाखवून दिले की तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्या हाताला गार लागू शकते. वर्गात तीन घमेली मांडावीत, एकात बर्फाचे पाणी, दुसऱ्यात सोसवेल इतके ऊन, मधल्यात साधे. दोन्ही हात कडेच्या घमेल्यांत थोडा वेळ ठेवून मग एकदम मधल्यात बुडवायला लावावे, म्हणजे मुलांचे चेहरेच सांगतात की आता हाताऐवजी दुसरा कोणी साक्षीदार हवा.

तो साक्षीदार भरवशाचा करून दाखवला डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट याने. १६८६ साली डॅनझिग येथे जन्मलेला आणि पुढे हॉलंडमध्ये स्थायिक झालेला हा उपकरणकार १७०८ साली कोपनहेगनला ओले रोमर या ज्योतिर्विदाकडे गेला. प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे पहिल्याने सिद्ध करणारा तो हाच रोमर. त्याच्या तापमापकावर वितळत्या बर्फाची खूण साडेसातावर आणि शरीराच्या उष्णतेची साडेबाविसावर होती. हे अपूर्णांक फॅरनहाइटला अडचणीचे वाटले, म्हणून त्याने सगळ्यांना चारांनी गुणून तीस आणि नव्वद केले आणि पुढे सोयीसाठी त्यांचे बत्तीस आणि शहाण्णव केले. शून्य त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावर ठेवले. तोच नवसागर, जो आपल्या गल्लीतला कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर उठवतो. १७१४ च्या सुमारास त्याने नळीत पारा भरला आणि १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली रीत मांडली.

बत्तीसच का आणि शहाण्णवच का, हे मात्र पाठ्यपुस्तके सांगत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा तिथेच आहे. या दोहोंमधले अंतर चौसष्ट. काचेच्या नळीवर दोन खुणा केल्यावर मधल्या अंतराचा मध्य काढायचा, प्रत्येक अर्ध्याचा पुन्हा मध्य काढायचा, असे सहा वेळा केले की बरोबर चौसष्ट घरे पडतात, आणि त्यासाठी कंपासाखेरीज दुसरे काही लागत नाही. ही अर्ध्याची विद्या मराठी मुलाला परकी नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे पंतोजी घोकून घेत होते तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत, म्हणजे रुपयाचे पैसेही चौसष्टच. बाजारात अर्धे, पाव, अर्धपाव करीत जगणाऱ्या माणसांनी जगाच्या दोन टोकांना एकाच रीतीने वाटणी करावी, याचे मला आजही नवल वाटते.

शंभराची वाटणी आली ती स्वीडनमधून. उप्साला येथील ज्योतिर्विद अँडर्स सेल्सिअस याने १७४२ साली पाणी गोठण्याच्या आणि उकळण्याच्या खुणांमध्ये शंभर भाग पाडले. पण त्याचे शून्य उकळत्या पाण्याला आणि शंभर बर्फाला होते. १७४४ साली तो वारला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच्याच देशबांधवांनी हे माप उलटे करून आजचे केले. उकळण्याची खूण हवेच्या दाबाबरोबर हलते, हे सेल्सिअसने ओळखले होते. म्हणून महाबळेश्वरच्या चहावाल्याचे आधण शंभराची वाट न पाहता पंच्याण्णव-शहाण्णव अंशांच्या आसपासच उकळते.

आपल्याकडे फॅरनहाइट आला तो इंग्रजी अमलाबरोबर. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेचे दप्तर त्याच मापाने भरत गेले आणि डॉक्टरांच्या पेटीतही तेच माप बसले. स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, वजनमापांचा १९५६ चा कायदा ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. शेर, मण आणि आणे यांच्याबरोबर औटकीही शाळेतून निघून गेली. हवेचा पारा सेल्सिअसमध्ये बोलू लागला. ताप मात्र घराच्या आतला, आईच्या जिभेवरचा आकडा. तो बदलण्याचे फर्मान कोणी काढले नाही, आणि काढले असते तरी रात्री दोन वाजता मुलाच्या उशाशी बसलेल्या बाईने ते पाळले नसते.

त्या तापाच्या आकड्यातही एक गंमत दडलेली आहे. थर्मामीटरवरची ९८.६ ही खूण पाहून वाटते की कोणी दशांशापर्यंत काटेकोर मोजून ती ठरवली असावी. वास्तविक लाइपझिगचे कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांची तपमाने नोंदवून १८६८ मध्ये शरीराचे माप सदतीस अंश सेल्सिअस असे मोघम सांगितले. त्या सदतिसाचा फॅरनहाइटमध्ये हिशोब केला की ९८.६ येतात. दशांश हा मोजणीचा नव्हे, तर गुणाकाराचा आहे.

एका वर्षी मी हे सारे सांगण्याऐवजी पतंगाच्या कागदाच्या हातभर लांब पट्ट्या वाटल्या. एका टोकाला ‘बर्फ’ लिहा, दुसऱ्याला ‘माझे अंग’, आणि आता अर्ध्यात घडी घाला, पुन्हा अर्ध्यात. चौथ्या घडीला सोळा, म्हणजे जुने सोळा आणे. सहावी घडी नखाने दाबून घालावी लागली. पट्ट्या उलगडल्यावर बोट ठेवून मोजणी झाली. चौसष्ट. ‘बर्फ’ या टोकाला बत्तीस मांडून पुढे मोजत गेले की अंगापाशी शहाण्णव येतात, हे त्यांनीच शोधले. मग खिडकीजवळच्या एका मुलीने पट्टी पुन्हा मिटून पाहिली, उलगडली, कुठे शंभर बसतात का हे बराच वेळ शोधले, आणि शेवटी उठून टेबलापाशी आली: “गुरुजी, शंभर घड्या पडतच नाहीत. मला फूटपट्टी द्या.”