पेटीवरची बंदी

दिवसा मी नभोवाणीचा इतिहास शिकवतो आणि संध्याकाळी गवयांना पेटीची साथ करतो. माझ्या या दोन व्यवसायांचं १९४० साली भांडण झालं होतं. त्या वर्षी १ मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. सप्तकातल्या ठरावीक बारा स्वरांपलीकडे ती जात नाही, तिच्यातून मींड निघत नाही, हा आक्षेप होता. १९७१ मध्ये बंदी सैल झाली.

वर्गात हे सांगताना वादक म्हणून राग येतो. पण आक्षेपात तथ्य आहे, हेही सांगावं लागतं. म्हणूनच मैफलीत गवई मींड घेऊ लागला, की माझी बोटं थांबतात. तेवढी जागा त्याची. हे शहाणपण मला रियाजापेक्षा त्या बंदीने शिकवलं.