परदेशी निघालेली चार मुले आणि एक मावशी



विल्यम केरी हे नाव आपल्या मंडळ्यांना नवीन नाही. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये, मराठी शब्दकोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये, ही सगळी कामे त्यांच्या हातून बंगालमधल्या सेरामपूर येथे झाली. वैजनाथ पंडितांसारख्या मराठी जाणकारांची त्यांना मदत होती. हा इतिहास आपण रविवारच्या शाळेत ऐकतो. परंतु केरी एकटे आले नव्हते. त्यांच्याबरोबर पत्नी आणि चार लहान मुले होती. आज आपल्या मंडळीतली कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह परदेशी निघतात, म्हणून त्या प्रवासाची गोष्ट नीट ऐकावी असे वाटते.

डोरोथीबाई इंग्लंडमधल्या पिडिंग्टन या खेड्यातल्या. १७८१ मध्ये लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुली काढली, कारण लिहिता येत नव्हते. दोन मुली त्यांनी लहानपणीच गमावल्या होत्या. १७९३ च्या सुरुवातीला पतीचे भारतात जायचे ठरले तेव्हा त्या गरोदर होत्या. समुद्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी स्पष्ट नकार दिला.

केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. सोबत डॉक्टर जॉन थॉमस होते, ते पूर्वी बंगालमध्ये राहिलेले. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरवण्यात आले. दरम्यान घरी बाळ जन्मले होते, त्याचे नाव जाबेझ. केरी आणि थॉमस पिडिंग्टनला परत आले व डोरोथीबाईंना पुन्हा विचारले. पुन्हा नकारच मिळाला. दोघे निघाले, पण थॉमस वाटेतून मागे फिरले आणि त्यांनी बाईंना गळ घातली. कुटुंब दुभंगेल आणि जन्मभर पस्तावा होईल, ही भीती त्यांच्या मनात घातली. शेवटी बाई कबूल झाल्या, पण एका अटीवर: बहीण किटी बरोबर आली पाहिजे.

ती अट मला फार शहाणपणाची वाटते. ‘माय मरो पण मावशी उरो’ असे आपण म्हणतो. परमुलखात आपल्याला काय लागेल हे त्या न शिकलेल्या बाईने अचूक ओळखले होते. सामान बांधायला जेमतेम एक दिवस मिळाला. भाड्याला पैसे पुरेनात, तेव्हा किटी आणि थॉमस यांनी नोकरमाणसे म्हणून स्वस्तात जायची तयारी दाखवली.

१३ जून १७९३ रोजी डोव्हरहून डॅनिश जहाज निघाले. फेलिक्स सात वर्षांचा, विल्यम पाचेक वर्षांचा, पीटर चारेक वर्षांचा आणि जाबेझ काही आठवड्यांचा. कप्तान भला माणूस निघाला, त्याने सगळ्यांची चांगली सोय केली. तरी पाच महिने पाण्यावर काढायचे होते. केरी थॉमसकडून बंगाली शिकत होते. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध, ओले कपडे आणि थोरल्यांची रडारड कोणाच्या वाट्याला आली असेल, हे आपल्या घरातल्या आयांना सांगायला नको.

नोव्हेंबरमध्ये कलकत्ता आले. काही आठवड्यांतच पैसे संपले. डोरोथीबाई आणि फेलिक्स आमांशाने आजारी पडले. सुंदरबनच्या बाजूला मिठाच्या खात्यातले शॉर्ट नावाचे इंग्रज गृहस्थ भेटले, त्यांनी ह्या सर्वांना घरात आसरा दिला. पुढे किटीने त्यांच्याशीच लग्न केले. तिला कोण दोष देईल? पण १७९४ मध्ये केरींना उत्तर बंगालमध्ये मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले, तेव्हा मावशी बरोबर नव्हती.

त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने आणि आमांशाने गेला. विटाळाच्या भीतीने कबर खणायला कोणी पुढे येईना, शेवटी काही मुसलमान माणसांनी ती खणली. डोरोथीबाईंचे मन त्यानंतर सावरले नाही. १७९५ पासून त्यांना भ्रम होऊ लागले. १८०७ मध्ये मरण येईपर्यंत, बारा वर्षे, तो आजार राहिला. पुष्कळदा त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे. मराठी व्याकरण छापले गेले ते ह्याच वर्षांत. एका खोलीत भाषांतर चालू आणि शेजारच्या खोलीत ही माउली.

मुलांचे काय झाले? ती जवळजवळ मोकाट वाढत होती. १८०० मध्ये कुटुंब सेरामपूरला आले. तिथे जोशुआ व हॅना मार्शमन आणि छपाई जाणणारे विल्यम वॉर्ड नुकतेच आले होते. सगळ्यांनी एकत्र घर मांडले, एक पंगत, एक थैली. हॅनाबाई स्वतः लेकुरवाळ्या, तरी केरींच्या मुलांना त्यांनी पोटच्या पोरांसारखे वळण लावले. वॉर्ड यांनी फेलिक्सला मित्रासारखे जवळ घेतले. फेलिक्सचा बाप्तिस्मा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला, पुढे तो ब्रह्मदेशात सेवेला गेला. डोव्हरहून कुशीत निघालेला जाबेझ मोठेपणी अंबोइना बेटावर आणि नंतर अजमेरला सेवक झाला.

रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल रूफसच्या आईला सलाम सांगतो आणि ती आपलीही आई झाली असे म्हणतो. हॅनाबाई तशाच होत्या. मदनाबाटीला अशी एखादी आई असती तर डोरोथीबाईंचे दुःख निदान वाटून घेतले गेले असते.

प्रियांनो, बोलावणे खरे असले तरी घरातल्या एका माणसाचा नकार घाईने मोडू नये. त्या नकारात अनेकदा खरी गरज सांगितलेली असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इथून आपले कोणी आखातात किंवा कॅनडाला मुले घेऊन निघाले की आपण निरोपाची प्रार्थना करतो, फुलांचा गुच्छ देतो. तेवढ्यावर थांबू नये. घरच्या बाईला बाजूला घेऊन विचारावे, तुला कोण सोबत हवे आहे? तिथल्या मंडळीतली एक ओळखीची बाई शोधून द्यावी. पहिले वर्षभर फोन नोकरीवाल्याला करू तसा मुलांच्या आईलाही करावा. आणि नवे कुटुंब आपल्या गावी येईल तेव्हा त्यांच्यासाठी किटी मावशी किंवा हॅनाबाई आपणच व्हावे.

पुढच्या वेळी मराठी नवा करार उघडाल तेव्हा डोरोथीबाई आणि लहानग्या पीटरसाठी देवाचे आभार माना. त्या पुस्तकाची किंमत त्यांनीही भरली आहे.

आमेन.