खानदेशातील पूर, अवर्षण आणि फडाची वहिवाट

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास यावा हे रास्तच होय. तो इतर लेखकांनी या पुस्तकात दिलाच आहे. मजकडे संपादक मंडळींनी "या प्रांताविषयी काहीतरी" असे मोघम काम सोपविले. आपल्यापैकी बहुतेकांची घरे शेतीवर अथवा शेतमजुरीवर चालतात. सबब या भूमीवर पूर्वी कोणती अरिष्टे आली व येथील कुणब्याने त्यांस कसे तोंड दिले, हाच विषय मी पत्करला.

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री व दक्षिणेस अजिंठ्याची रांग. यांवर पडलेले पाणी गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर अशा नद्यांनी तापीत येते. ते यावयाचे तेव्हा एकदम येते आणि न यावयाचे तेव्हा मुळीच येत नाही. सन १८२२ मध्ये तापीस आलेल्या महापुरात ६५ गावे समूळ वाहून गेली व आणखी ५० गावांची अंशतः हानी झाली, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरात आहे. पुढे सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा व पांझरा या दोन्ही नद्या फुगल्या आणि एकट्या धुळे शहरात सुमारे ५०० घरे गेली. मातीच्या भिंती व वर धाबे अशी ती घरे. असे घर वैशाखात थंड राहते खरे, परंतु पायात पाणी शिरले म्हणजे वरचे धाबेच घरच्या माणसांवर येते.

दुष्काळांची कथा याहून लांब आहे. सन १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्या वेळी पावसाने जितके मारले त्याहून अधिक माणसांनी मारले असावे, असे माझे मत आहे; कारण पेवांत धान्य असते तर एक साल निभावून नेता येते, आणि पेवेच उकरून नेली तर मग कुणबी राहतो तरी कशावर? सन १८९९ चा पावसाळा हुकला आणि विक्रम संवत १९५६ चा तो 'छप्पनचा दुष्काळ' म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुढे दोन पिढ्या राहिला. १९३८ साली उलट प्रकार झाला. अतिवृष्टीने पूर्व खानदेशातील पिके कुजली, आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून अमळनेरच्या साने गुरुजींनी शेतकऱ्यांची चळवळ उभी केली.

अशा प्रसंगी सरकारातून मिळावयाची ती मुख्यत्वे तगाई. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तिला रीतसर रूप आले: विहीर खणावयास, बैल घ्यावयास, बियाणे आणावयास कर्ज मिळू लागले. तिची उपयुक्तता मी नाकारीत नाही. तथापि तगाई संकट येऊन गेल्यावर मिळते, ती एकेकट्यास मिळते, आणि ती फेडावी लागते.

याउलट पांझरा व कान या नद्यांच्या काठी, आणि पलीकडे बागलाणात मोसम व आरम यांच्या काठी, एक अशी वहिवाट होती की जीत संकटाची वाटणी संकटापूर्वीच ठरून जाई. तिलाच फड म्हणतात. ही वहिवाट तीनशे-चारशे वर्षांची जुनी मानली जाते. नदीत दगडी बंधारा घालावयाचा. तो ठेंगणा, म्हणजे पूर आला तर डोक्यावरून निघून जावा. बंधाऱ्यापासून पाट काढावयाचा. पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीस थळ म्हणत व त्या थळाचे बहुधा चार फड पाडीत. एका फडात सर्वांचे एकच पीक: या साली एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, पुढील साली फेर बदलावयाचा. मुख्य गोष्ट ही की खातेदाराची जमीन एके ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असे. कोणी पाटाच्या मुखाशी आहे म्हणून सदा सुखी व कोणी शेवटास आहे म्हणून सदा कोरडा, असा भेद त्यामुळे फारसा उरत नसे.

आता पाऊस कमी झाला असे समजा. पंच बसत, बंधाऱ्यावरचे पाणी पाहत आणि यंदा अमुक फड कोरडा ठेवावा असे ठरवीत. त्या निकालाने प्रत्येकाचा एक तुकडा कोरडा राही व बाकीचे भिजत. कोणाचेच सर्वस्व जात नसे आणि कोणी मोकळाही सुटत नसे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. मालकाने आपल्या हाताने पाणी वळवावयाचे नाही, मग तो कितीही मोठा असो. पिकाची राखण जागल्या करी. या चाकरांस मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. पाट उपसावयाच्या वेळी जमिनीच्या मानाने प्रत्येक घराने माणसे द्यावयाची, हाही नियम होता.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांस जी पहिली कामे मिळाली त्यांत खानदेशातील दातर्ती या गावाजवळचे एक होते. पांझरेच्या एका ओढीखालून नळाने पाटाचे पाणी पलीकडे न्यावयाचे होते. पुढे याच गृहस्थांनी नीरा कालव्यावर पिकांचा फेर ठरवून पाणी देण्याची 'ब्लॉक पद्धत' सुरू केली. ती त्यांनी फडावरून घेतली असे मी म्हणत नाही. परंतु दोहोंतील साम्य कोणाच्याही नजरेत भरावे असे आहे.

फड आता बहुतेक ठिकाणी मोडकळीस आले आहेत. नद्यांवर वरच्या अंगास धरणे झाली, प्रत्येकाने आपापली विहीर खणली, आणि ज्याच्या दारी मोटार लागली त्यास पंचांची गरज वाटेनाशी झाली. तरीही सामाईक पाण्याची दृष्टी सर्वस्वी गेली असे नाही. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या देखरेखीखाली नाले रुंद व खोल करून, मधला पिवळ्या मातीचा थर फोडून पाणी खालच्या वाळूपर्यंत मुरविण्यात आले. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड डोंगर राखून पुन्हा रान उभे केले. त्यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली.

तथापि फडाची स्तुती करताना त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. वाटणी होती ती थळातील खातेदारांत. ज्याची जमीनच नाही त्या मजुरास किंवा डोंगरातील भिल्लास कोरड्या फडाच्या निकालात काहीच बोलावयाचे नसे. ही मर्यादा मला पुस्तकातून कळली नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी तापीकाठच्या दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. मे अखेरीस वादळ झाले व केळीच्या बागा घटकाभरात भुईसपाट झाल्या. ज्यांनी बांधावर शेवरी लावून वारा अडविला होता त्यांची झाडे काही वाचली. मदत आली, वाटपाची यादी मी स्वतः केली. सोयीचे म्हणून मी सातबाऱ्यावरची नावे उतरविली. बटाईने कसणारी सात घरे त्यामुळे राहून गेली. पीक त्यांचे गेले आणि मदत गेली मालकास. चूक ध्यानात आली तेव्हा कोठीत काही उरले नव्हते. त्यांतील एक बाई पुढील रविवारी नेहमीच्या जागी बसली होती. तिने तक्रार केली नाही, हेच मला अधिक लागले. आजही पंचनामा म्हटला की तलाठी सातबारा पाहतो, ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर नाव धरतो, विम्याची वर्दी ७२ तासांत द्यावी लागते. ज्याचे नाव कोठेच नाही त्याने त्या तीन दिवसांत काय करावे?

पाचव्या शतकात गॉल देशातील व्हिएन नगरावर भूकंपादी अरिष्टे आली असता बिशप संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस उपवास व याचनेची मिरवणूक सुरू केली. पुढे तेच दिवस शेतांसाठी प्रार्थनेचे झाले. आपल्याकडे ते पाऊस पडण्यापूर्वी थोडे दिवस येतात. त्या तीन दिवशी सायंकाळी कचेरीत एक वही उघडी असते. कोण कोणाची जमीन बटाईने करतो, कोणाचे घर नाल्याकाठी आहे, कोणाकडे उचलून न्यावी लागतील अशी म्हातारी माणसे आहेत, कोणाच्या माळ्यावर बियाणे ठेवावयास जागा आहे, हे तीत लिहिलेले आहे. गेल्या साली वरच्या वस्तीवरील काही घरे राहिली होती. त्यांनी यंदा येऊन नावे सांगावीत. ज्यांस येणे जमत नसेल त्यांच्याकडे वही घेऊन मी स्वतः येईन.