मूल कोणत्या मापानें मोजावें?

घरांत तान्हें मूल असलें म्हणजे त्याची वाढ नीट होते आहे कीं नाहीं, ही चिंता वडीलधाऱ्यांस असावयाचीच. शेजारचें मूल वर्षाच्या आंत चालूं लागलें, आमचें अजून कां चालत नाहीं, असें कोणती आजी म्हणाली नसेल? डॉक्टर करतो तीहि तुलनाच. भेद इतकाच कीं, त्याच्यापुढें शेजारच्या मुलाऐवजीं एक छापील कोष्टक असतें. तें कोष्टक कोणाच्या मुलांवरून रचलें गेलें, हें मात्र कोणी फारसें विचारीत नाहीं. आणि इतिहास पाहूं गेल्यास खरें मर्म तेथेंच सांपडतें.

फ्रान्समधील माँबेयार ह्या गृहस्थानें १७५९ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची सुमारें दर सहा महिन्यांनीं, तो अठरा वर्षांचा होत आला तोंपर्यंत, टिपून ठेविली. त्याचा मित्र, प्रख्यात निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ, ह्यानें तीं टिपणें १७७७ सालीं प्रसिद्ध केलीं. मूल हिवाळ्यापेक्षां उन्हाळ्यांत अधिक वाढतें, ही गोष्ट ब्यूफाँस त्यांत दिसली. जन्मानंतर वाढीचा वेग उतरत जातो आणि वयांत येतांना पुन्हां उसळी घेतो, हा नियमहि त्याच आंकड्यांतून पुढें स्पष्ट झाला. परंतु हें एकाच, आणि तेंहि सुखवस्तु घरांतील, मुलाचें माप होतें.

गरिबांच्या मुलांचें माप घेण्याची वेळ आली ती कायद्यामुळें. इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें, रेशमाच्या गिरण्या वगळतां, कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कामास लावण्याची मनाई केली. पण जन्माची सरकारी नोंद तेथें १८३७ पर्यंत सुरू झालेली नव्हती. पोटासाठीं आईबाप वय वाढवून सांगत. मालकासहि तें सोयीचें. तेव्हां शरीर पाहून वय ठरविण्याचें काम डॉक्टरांकडे आलें. उंचीवर विसंबावें, तर अर्धपोटीं मूल वयाच्या मानानें खुजें असावयाचें. एड्विन साँडर्स ह्या दंतवैद्यानें हजारांवर मुलांचे दांत तपासून, उंचीपेक्षां दांतांवरून वय अधिक खात्रीनें कळतें, असें १८३७ सालीं मांडलें. परीक्षेंत चूक झाली, तर तिचें प्रायश्चित्त मुलास गिरणींत घ्यावें लागे.

विसाव्या शतकांत निराळीच चूक घडली. १९७७ सालीं अमेरिकेंत तयार झालेलीं कोष्टकें जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व जगासाठीं स्वीकारलीं. त्यांतील तान्ह्या मुलांचे आंकडे ओहायो राज्यांतील यलो स्प्रिंग्ज ह्या गांवाच्या परिसरांतले होते, आणि तीं मुलें बहुतांशीं बाटलीच्या दुधावर वाढलेलीं होतीं. अंगावर पिणारें मूल पहिल्या कांहीं महिन्यांनंतर वजनानें थोडें सावकाश वाढतें. त्यामुळें निरोगी मुलाचीहि रेषा खालीं घसरलेली दिसे, आईचें दूध पुरत नाहीं असा निष्कर्ष निघे, आणि वरचें दूध अकालीं सुरू होण्याचा धोका उभा राही. जेथें स्वच्छ पाण्याची वानवा, तेथें ही चूक जिवावर बेतणारी होती.

हा दोष ओळखून संघटनेनें १९९७ ते २००३ ह्या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत सुमारें ८,५०० मुलांचीं मापें घेतलीं. भारतांतील मुलें दिल्लींतील होतीं. आईचें दूध मिळालेलीं, जिची आई धूम्रपान करीत नाहीं अशा सुस्थितींतील घरांतलीं मुलें निवडलीं. कारण अनुकूल स्थितींत मुलें कशीं वाढावींत, हें ठरवावयाचें होतें. लांबी-उंचींतील एकूण फरकांत देशादेशांमधील भेदाचा वांटा सुमारें ३ टक्के निघाला, तर व्यक्तिव्यक्तींमधील भेदाचा ७० टक्के! २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्याच मापावर आपल्या अंगणवाडींतील तक्ते आज बेतलेले आहेत. आमचीं मुलें जात्याच लहानखुरीं, हें समाधान निदान पहिल्या पांच वर्षांपुरतें आतां टिकत नाहीं. खुजेपणाचें कारण रक्तांत शोधण्याआधीं ताटांत, पाण्यांत आणि वारंवारच्या दुखण्यांत शोधावयास हवें.

आजीच्या प्रश्नाचें उत्तरहि त्याच पाहणींत मिळालें. निरोगी मुलें आधाराशिवाय चालूं लागण्याचा काळ सुमारें आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. तेव्हां शेजारचें मूल आधीं चाललें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र अठरा महिने उलटूनहि मूल चालत नसेल, तर त्यास डॉक्टरांकडे नेण्यांत दिरंगाई करूं नये.