मार्कंडा : वीज कोसळल्यानंतरचे कोडे

मुलचेऱ्याच्या जंगलपट्ट्यातील कुटुंबे महाशिवरात्रीला मार्कंड्याला निघतात. चामोर्शी तालुक्यातील या तीर्थक्षेत्री वैनगंगा उत्तरवाहिनी होते. नदीत स्नान, महादेवाचे दर्शन, जत्रेत फेरफटका आणि सांजेला परत. भिंतींवरील शिल्पांकडे सहसा मुलांचीच नजर आधी जाते. मोठी माणसे रांगेत असतात.

मुख्य मंदिराच्या बाह्यभिंतींवर मूर्तींच्या रांगा एकावर एक चढत जातात : देव, अप्सरा, मिथुने, हत्ती, सिंह. १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या मंदिरावर चारशेहून अधिक मानवाकृती मोजल्या. ही शैली त्यांना खजुराहोशी जुळणारी वाटली. ‘विदर्भाचे खजुराहो’ हे नाव आज रूढ आहेच. (या नावाने मार्कंड्याचे स्वतंत्र मोठेपण थोडे झाकले जाते, हेही खरे.)

पाँपेई येथे १८३१ मध्ये सापडलेले सिकंदर-दारयस युद्धाचे मोझेइक असंख्य बारीक रंगीत खड्यांनी घडले आहे. तेथे खडा निखळला, तर चित्राला भोक पडते. मार्कंड्याचे चित्रही तुकड्यांचेच, पण येथील एक तुकडा म्हणजे कोरीव, अवजड पाषाण. तो निखळला की मूर्ती तर जातेच, शिवाय वरच्या थरांचा आधारही जातो.

नेमके तेच घडले. कनिंगहॅम येण्याच्या पुष्कळ आधी शिखरावर वीज पडली. वरचा भाग महामंडपाच्या छतावर कोसळला आणि छतही खचले. पुढे चांद्याच्या एका गोंड राजाने मंडप सावरला. जाड खांब उभारले, कमानी बांधल्या. जाणकारांनी या डागडुजीला अडाणी ठरवले. तो निकाल कठोर वाटतो. मूळ आराखडा हाती नसताना छत पेलणे हीच तेव्हाची निकड होती, आणि त्या टेकूंमुळे मंडप उभा राहिला.

अलीकडच्या जीर्णोद्धारापुढेही तोच पेच आहे, फक्त अपेक्षा वाढली आहे. दगड उतरवायचा तर त्याची जागा, बाजू व थर आधी नोंदवावे लागतात. एक दगड चुकला, तर वरची सारी ओळ सरकते. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. काम लांबते तसतसा उघड्यावरील दगडांवर पावसाळा आपली छिन्नी चालवत राहतो, आणि सर्वांत आधी झिजतात ते मूर्तींचे चेहरे.