तळटीप : कार्बोनिक अनहायड्रेज
१. तांबड्या रक्तपेशींतील जस्तयुक्त विकर. केंब्रिजमधील संशोधकांनी त्याचे गुणधर्म १९३३ साली प्रसिद्ध केले. कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट बनण्याची एरवी संथ असलेली क्रिया ते कमालीची वेगवान करते. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख रेणू पालटू शकतो. धुरांड्यातील वायू शोषणाऱ्या कार्बोनेटच्या द्रावणात ते याचसाठी मिसळतात. तेथील उष्णतेत साधे विकर निकामी होते, म्हणून उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंतील प्रकार निवडतात. मात्र या विकराने वायू फक्त पकडला जातो. मूळ मजकुरात पुढे आलेले फॉर्मिक आम्ल बनवायचे तर फॉर्मेट डिहायड्रोजनेज हे वेगळे विकर लागते, शिवाय इलेक्ट्रॉनही बाहेरून पुरवावे लागतात. लेखकाने ही दोन्ही कामे एकाच विकराच्या नावावर मांडली आहेत. — संपा.